डोलची, मखमल, तंबू

बीड, ७ सप्टेंबर

मुस्तकीमभाई, सलाम.

पत्र मराठीत आहे म्हणून नाक मुरडू नकोस. बडेअब्बा फक्त उर्दू वाचतात, अब्बा तीही अडखळत वाचतात, आणि या घरात मराठी शाळेत गेलेले आपण दोघंच. म्हणजे हे पत्र चटईवर उघडं टाकून मी पाणी भरायला गेले तरी कुणाला काही कळायचं नाही. कुलपाची गरजच नाही.

तू नंबर बदललास. नवा नंबर महांतेशकडे आहे हे मला त्याच्या तोंडावरूनच कळलं, पण तो काही देईना. म्हणाला, "नंबर देऊ नको म्हणलाय त्यो. पत्त्याचं काई बोलला न्हाई." आणि पुण्यातल्या तुझ्या ज्यूस सेंटरचा पत्ता त्यानं मला नेकनूरच्या बसच्या तिकिटामागे लिहून दिला. त्याच्यावर चिडू नकोस. तुझा दोस्त शब्दाला पक्का आहे, फक्त तू शब्द नीट बघून टाकायला हवा होतास.

आता मुद्द्याचं. काल कॉलेजात दुसऱ्या तासाच्या आधी माझ्या मागच्या बाकावरची करिष्मा म्हणाली, "चला गं, हा तास तंबू करू." तिघी उठल्या आणि गेल्या. मी तिथंच थिजले. नंतर कॅन्टीनमध्ये तिला गाठून विचारलं की तंबू म्हणजे काय. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुठल्या आडगावाहून उतरलेय. तंबू म्हणजे तास बुडवून गुपचूप निघून जाणं, एवढंही ठाऊक नाही का, म्हणाली. हा शब्द तू कुठून आणलास, असं विचारलं तर म्हणे सगळेच म्हणतात, कुठून आणायचा.

भाई, ती मला तंबू शिकवत होती. मला.

तुला सगळं माहीत आहे, तरी मी पुन्हा लिहिते, कारण घरात यावर बोलायची बंदी आहे आणि मला कुठंतरी बोलायचं आहे. आपल्या बशीरगंजच्या चौकातल्या हातगाड्यांची आपली एक बोली. गिऱ्हाईक समोर उभं असताना त्याच्या डोक्यावरून शेजारच्या गाड्यावाल्याला सांगायचे शब्द. डोलची म्हणजे जो सगळी फळं दाबून बघतो आणि काही न घेता जातो. मखमल म्हणजे वरून छान, आतून मऊ पडलेलं फळ. तंबू म्हणजे नगरपालिकेची गाडी आली, झाका आणि निघा. अजून पुष्कळ आहेत, पण हे तीन आता जगजाहीर झालेत, तेव्हा लिहायला हरकत नाही. मुलगा गाड्यावर उभा राहायला लागला की त्याला बोली मिळते. तुला मिशी फुटली त्या वर्षी मिळाली. मला कुणी दिली नाही. मी क्रेटांमागे बसून उचलली.

आणि तू ती महांतेशला शिकवलीस. कॉलेजात भाव मारायला की त्याच्यावरच्या जिवापोटी, ते तू कधीच सांगितलं नाहीस. त्यानं तू शब्द समजावून सांगतानाचा व्हिडिओ काढला आणि अख्ख्या बीडनं तो बघितला. मग आंब्याच्या दिवसांत ती गॉगलवाली बाई बडेअब्बांच्या गाड्यावर आली, केशर आंबा नाकाला लावला आणि हसून म्हणाली, "चाचा, मखमल तर नाही ना देत?" बडेअब्बांनी तिच्या हातातला आंबा काढून घेतला आणि गाडा झाकला. दुसऱ्या दिवशी तू गाड्यापाशी गेलास तेव्हा त्यांनी मान वर केली आणि तुझ्याशी मराठीत बोलले.

"बोला साहेब, काय देऊ?"

घरात आयुष्यभर नातवंडांना दखनीत शिव्या घालणारा माणूस. त्या दिवसापासून चौकात सगळेच तुला साहेब म्हणायला लागले. अब्बासुद्धा. ईदच्या आधी तू गेलास. पण जाण्याआधी मला का नाही सांगितलंस, हे मी एकदा विचारणार आहे. आज नाही.

लुबना

बीड, १९ सप्टेंबर

भाई,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. मी बोलकी आहे, एकटीही बोलू शकते.

चौकाची खबर देते. तू गेल्यापासून गाड्यांवर बोली बंद आहे. बोलून उपयोग काय, समोरच्या पोरीटोरींनाही कळते. आता सगळे खोकतात. फळ मऊ असेल तर एकदा खोकायचं, डोलची आली तर दोनदा. परवा एका बाईनं अब्बांना काळजीनं आल्याचा काढा घ्यायला सांगितला. अब्बांनी मान डोलावली. मी हसत होते, आणि मग त्यांच्याकडे पाहिलं तर ते हसत नव्हते. ते शेजारच्या गाड्यावाल्याकडं बघत होते आणि तो दुसरीकडं बघत होता. आधी दोघं दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून बोलायचे. आता प्रत्येकजण आपापल्या गाड्यावर एकटाच उभा असतो.

पण मला सध्या एक नाद लागलाय. आपले शब्द कुठं कुठं गेले, ते मी शोधते आहे. नेकनूरच्या बसमध्ये कॉलेजची दोन पोरं एका सरांना डोलची म्हणत होती, कारण ते वर्गात येतात, हजेरी घेतात, आणि काही न शिकवता जातात. मला हसू आवरेना. किती बरोबर आहे. महांतेशची बहीण ईश्वरी अंबाजोगाईला मेडिकलच्या होस्टेलात राहते, तिला मी मेसेज करून विचारलं, तिकडे काही ऐकलंस का. तिनं मला असं काही सांगितलं की मी ते तेव्हापासून डोक्यात घेऊन हिंडते आहे.

तिच्या होस्टेलात तलवाड्याची वैष्णवी म्हणून एक मुलगी आलीय, पहिल्या वर्षाला. दिवसभर हसते, सगळ्यांची चेष्टा करते, आणि नळ सुरू ठेवून बाथरूममध्ये रडते. घरची आठवण. तिथल्या मुली एकमेकींना म्हणतात, वैष्णवी मखमल झालीय, आज तिच्यापाशी बसा. मग कुणीतरी चहा घेऊन जातं आणि तिच्या खाटेवर बसतं. हा शब्द फळाचा आहे हे तिथं कुणालाच ठाऊक नाही. ईश्वरीला वाटत होतं, कुणी मुंबईच्या मुलीनं आणला असेल.

बघ ना भाई. गाड्यावर मखमल निघालं की आपण बाजूला काढतो. तिथं मखमल निघालं की जवळ बसतात. तोच शब्द, आणि तो इथून निघून तिथं जाईपर्यंत कुणी, कधी, कशासाठी फिरवला? कुणीच सांगू शकत नाही. करिष्मा तंबू म्हणते तेव्हा ती कॉलेजची असते. ती गाड्याची मुळीच नसते. आणि मी, जिला सगळे शब्द येतात, मी गाड्याची आहे का? मला ते येतात हे खरं, पण ते माझ्याशी कधी कुणी बोललंच नाही. तुला साहेब म्हटल्यावर तू तुटून गेलास. माझ्याशी तर जन्मापासून गिऱ्हाइकासारखंच बोलत आलेत. तेव्हा मला तुझी दया येते आणि थोडा रागही येतो, दोन्ही एकदमच.

वैष्णवीची गोष्ट मी बडेअब्बांना सांगितली. ते सीताफळं निवडत होते, डोळे उघडलेली एका पाटीत, कच्ची दुसऱ्या. मी नुसतं असंच बोलल्यासारखं सांगितलं. ते निवडत राहिले. मला वाटलं ऐकलंच नाही. पण सकाळी हातपाय धुऊन वजू करून आले आणि पायरीवर उभे राहून मला म्हणाले, "वो तलवाडे की छोरी का क्या हुआ?"

मी म्हटलं, बरी आहे आता. ते हूं म्हणाले आणि गाडा ढकलत गेले.

लुबना

बीड, ४ ऑक्टोबर

भाई,

बसून वाच. उभ्यानं वाचायचं पत्र नाही हे.

रविवारी अब्बा सीताफळाला नेकनूरच्या बाजाराला गेले. बरोबर तू नसतोस, म्हणून मी हट्ट धरला आणि टेम्पोत बसले. अब्बा माल बघत होते तेवढ्यात मी महांतेशच्या घरी जाऊन आले. घर म्हणजे त्यांचं किराणा दुकान, तुला माहीतच आहे. महांतेश घरी नव्हता. त्याचे आजोबा, अण्णाराव, गल्ल्यावर बसलेले. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, आणि डोळ्यांवर अर्ध्या काडीचा चष्मा. मी बडेअब्बांचं नाव घेतलं, फकीरचाचांची नात म्हणून सांगितलं, तर त्यांनी मला खाली बसूच दिलं नाही, आतून खुर्ची मागवली.

मी चहा पीत होते. एक माणूस आला. त्यानं तूरडाळ बोटांत चोळली, मग हरभराडाळ चोळली, मग गूळ किती दिवसांचा ते विचारलं, आणि काहीच न घेता निघून गेला. अण्णाराव त्याच्या पाठीकडे बघत स्वतःशीच म्हणाले, "डोलची."

माझा चहा सांडला. मी म्हटलं, आजोबा, व्हिडिओ बघितलात का तुम्ही?

"कंचा व्हिडिओ?" त्यांनी खिशातून फोन काढून दाखवला. बटणांचा. त्यात व्हिडिओ काय, फोटोसुद्धा दिसत नाही.

मग हा शब्द कुणी शिकवला, असं मी विचारलं. ते हसायला लागले. त्यांचे पुढचे दोन दात नाहीत, त्यामुळं हसले की लहान मुलासारखे दिसतात.

"मला कोन शिकवनार बाई? आमीच केलता त्यो. मी आन् फकीर."

आता मी तुला जे सांगते ते त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे, माझ्या पदरचं काही नाही. बडेअब्बा लहानपणी नेकनूरला मामाकडे राहायचे, हे आपल्याला माहीत होतं. त्यांच्या मामाचा फळांचा गाडा होता आणि अण्णारावांच्या वडलांचं दुकान, बाजारात समोरासमोर. दोघांना दिवसभर उभं करून ठेवायचे. संध्याकाळी बाजारात तंबू टाकून सिनेमा लागायचा आणि दोन्ही घरांत सिनेमाचं नाव काढलं तरी मार मिळायचा. म्हणून दोघांनी थोरल्यांना कळू नयेत असे शब्द केले. तंबू म्हणजे, आता निसटायचं, सिनेमाला जायचं. तेवढंच. नगरपालिकेचा त्यात काही संबंध नव्हता. डोलची म्हणजे एक म्हातारा रिकामी डोलची घेऊन बाजारभर फिरायचा आणि रिकामीच घेऊन घरी जायचा, तो. मखमल हा अण्णारावांच्या काकूच्या लुगड्याचा काठ होता, वरून चकचकीत आणि आतून फाटका.

भाई, आपल्याला काय सांगितलं होतं आठव. निजामाच्या काळापासूनची बोली, परदादांच्या परदादांची, चौकाची अमानत. बडेअब्बांनीच सांगितलं होतं ना? आणि ती निघाली दोन पोरांची, बापाला चकवून सिनेमाला जायची. करिष्मा ज्या अर्थानं तंबू म्हणते, तोच त्याचा पहिला अर्थ. फिरून फिरून शब्द आपल्या घरी येऊन बसला.

आणि महांतेश इतक्या लवकर कसा शिकला म्हणून तू कौतुक करायचास. तो शिकलाच नव्हता. आजोबांच्या तोंडून त्यानं ते लहानपणापासून ऐकले होते, फक्त त्याला ठाऊक नव्हतं की ऐकलेत.

मी अण्णारावांना विचारलं, बडेअब्बांनी तुमचे शब्द बीडला नेले, सगळ्या गाड्यांना वाटले, तुम्हाला राग नाही आला? ते म्हणाले, "राग कावून येईल? मी दुकानात बसलो, त्यो गाड्यावर गेला. जाताना संगं घेऊन गेला. लई वर्सं झाली. अजून चालतेत म्हणतीस, तर चांगलंच हाय की."

तुझं काय झालं ते मी त्यांना सांगितलं नाही. महांतेशनंही सांगितलेलं दिसत नाही.

आता तू सांग, मी काय करू? हे घरी सांगितलं तर बडेअब्बा खोटे पडतात, तेही सगळ्या चौकासमोर. नाही सांगितलं तर तू तिथंच राहतोस. मला बडेअब्बांना खाली मान घालायला लावून तुला परत आणायचं नाही. पण तू परत यायला हवा आहेस. मी टेम्पोत सीताफळांच्या मध्ये बसून सबंध रस्ता हेच घोळवत आले, आणि अब्बांनी विचारलं की गप्प का, तर म्हटलं मळमळतंय.

लुबना

बीड, १३ ऑक्टोबर

भाई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठोरं.

"बडेअब्बा गाड्यावर उभे राहतात का? त्यांच्या गुडघ्यांची काळजी घ्यावी. धन्यवाद."

धन्यवाद? बहिणीला? हे वाचून मी इतकी चिडले की कागद चुरगळला आणि मग परत सरळ केला. तू मला साहेब म्हणालास भाई. काळजी घ्यावी, म्हणे. पुण्यात राहून तसलं शुद्ध आहे-नाही बोलायला लागला असशील तर लाग, पोटापाण्याचं आहे, मी समजते. पण माझ्याशी नको.

मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंस ते मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. ज्यूस सेंटरवरच्या पोरांची आपसात काहीतरी भाषा आहे, तू जवळ गेलास की ते साधं बोलायला लागतात, आणि तू अजून विचारलं नाहीस. विचार. हसतील, पण सांगतील. इतके दिवस लोकांना विचारत फिरून मला हेच कळलंय की लोकांना आपला शब्द सांगायला आवडतं, फक्त कुणीतरी मनापासून विचारावं लागतं.

बडेअब्बा उभे राहतात. गुडघे दुखतात. तुझं नाव काढत नाहीत, पण तुझा निळा शर्ट आतल्या खुंटीवरून कुणी काढायचा नाही असं त्यांनी अम्मीला सांगितलंय. कारण विचारलं तर म्हणाले, तिथं धूळ बसत नाही म्हणून. जशी काही बाकीच्या घरात वादळं सुटलीत.

मी अण्णारावांचं अजून काही बोलले नाही. पण काय बोलायचं ते ठरलंय.

लुबना

बीड, २५ ऑक्टोबर

भाई,

झालं. सांगून टाकलं, आणि काय झालं ते सगळं लिहिते, जिथं मी रडले तेही लिहिते.

बडेअब्बा गाड्यावर सीताफळं रचत होते. मी डबा घेऊन गेले होते. आसपास कुणी नव्हतं. मी म्हटलं, मी नेकनूरला गेले होते ना, तिथं अण्णाराव भेटले. त्यांनी सलाम सांगितलाय. आणि विचारलंय, तंबूला कधी जायचं?

हे शेवटचं त्यांनी विचारलं नव्हतं, माझं मी जोडलं. तेवढं अल्ला माफ करेल.

बडेअब्बांचा हात फळावरच राहिला. मला वाटलं आता गाडा झाकतील. पण त्यांच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं आणि मग कळलं की ते हसताहेत. आंब्याच्या दिवसांनंतर पहिल्यांदा. "वो बुढ्ढा अबी जिंदा है?" म्हणाले. मग मला खोदून खोदून विचारलं. दात किती राहिलेत, दुकान तिथंच आहे का, समोरचा लिंब पाडला का. मी सगळं सांगितलं. शब्द कुणी केले हे मात्र मी बोलले नाही, तेही बोलले नाहीत. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो आणि दोघांनाही माहीत होतं.

मला वाटलं, विषय इथंच संपला. मग शुक्रवारी नमाजानंतर चहाच्या टपरीवर सगळे गाडेवाले बसले होते आणि बडेअब्बांनी स्वतःच काढलं. कुणी विचारलं नव्हतं. म्हणाले की बोली परदादांची नाही. ती त्यांनी आणि नेकनूरच्या एका वाण्याच्या पोरानं केली, मार चुकवायला. परदादांची म्हणून सांगितलं, कारण तेव्हा चौकात ते पोरगेले होते आणि पोराचा शब्द कुणी घेतला नसता. आणि जी गोष्ट त्यांनी कुणाला न विचारता इकडं आणली, तीच नातवानं कुणाला न विचारता तिकडं नेली. एवढं बोलून त्यांनी बशीतला चहा संपवला. अब्बा खाली बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

मग कुणीतरी म्हणालं, आता बोली तर गेलीच, सगळ्या बीडला येते, तिचं काय करायचं. बडेअब्बा म्हणाले, गेली तर गेली, तिला तिकडं बरं चाललंय. तलवाड्याच्या पोरीची गोष्ट त्यांनी तिथं सगळ्यांना सांगितली, तिखटमीठ लावून. म्हणाले, आता नवी करायची. आणि ती म्हाताऱ्यांनी करायची नाही, कारण म्हाताऱ्यांचे शब्द म्हातारेच असतात.

तेव्हा मला बोलावलं. मी आडोशाला उभी होते. बडेअब्बांनी एक क्रेट पालथं घातलं आणि म्हणाले, बस, कॉलेजात काय काय बोलतात ते सांग.

मी बसले भाई. सगळ्यांसमोर, त्या क्रेटवर. इतकं बोलले की घसा बसला. बरेच शब्द त्यांना आवडले नाहीत, काहींवर ते हसले, आणि माझा एक शब्द ठरला. कोणता ते मी लिहिणार नाही. नव्या बोलीचा पहिला नियम हाच आहे की ती लिहायची नाही, फोनमध्ये धरायची नाही, तोंडानं तोंडाला द्यायची. हा नियम कुणामुळं झाला ते तुला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा गाड्यावर एक जोडपं उभं होतं. बडेअब्बांनी त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि तो शब्द म्हणाले. मला. मी क्रेट उचलायचं निमित्त करून खाली वाकले आणि तिथं गाड्याखाली मला रडू आलं. मग वर आले आणि त्याच बोलीत उत्तर दिलं. जोडप्याला काही कळलं नाही. त्यांनी सीताफळं घेतली आणि गेले.

तुझ्याबद्दल काय बोलले ते शेवटी राखून ठेवलं होतं. निळ्या छत्रीवाल्या गाड्यावरचे चाचा म्हणाले की मुस्तकीमनं फोडली, त्याला नवी द्यायची की नाही. सगळे बडेअब्बांकडे बघायला लागले. ते म्हणाले, "जिने फोड्या, उनेच जोडना." ज्यानं फोडली त्यानंच जोडायची. आणि त्यांनी एक शब्द रिकामा ठेवायला लावला. नगरपालिकेची गाडी आली की म्हणायचा तो. जुना तंबू. तो तू करायचा, दुसऱ्या कुणी नाही.

लुबना

बीड, २ नोव्हेंबर

भाई,

महांतेश सांगत होता, तू येऊ की नको असं करतोस. लोक काय म्हणतील, पुन्हा साहेब म्हणाले तर काय करायचं, असं त्याला विचारत होतास. मला का नाही विचारत? बरं, न विचारताच सांगते.

मंगळवारी नगरपालिकेची गाडी आली. लांबून सगळ्यांना दिसली, पण म्हणायला शब्दच नाही. जुना म्हणायचा नाही, नवा झालेला नाही. सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे राहिले. अब्बा खोकले. त्यावर शेजारच्यानं फळ मऊ आहे असं समजून सीताफळ बाजूला काढलं. आपला तराजू गेला, निळ्या छत्रीची छत्री गेली. चाचा बडेअब्बांवर ओरडले की एक शब्द करायला काय जातं, मी करतो. बडेअब्बा म्हणाले, नाही, तो ठेवलेला आहे. दुसऱ्या दिवशी तराजू सोडवून आणला आणि वाटेत पुन्हा तेच म्हणाले. हट्टी म्हातारा. आता चौकातले सगळे माझ्यामागं लागलेत की तुझ्या भावाला बोलाव, आमचा धंदा बसेल.

आणि आता आजची गोष्ट. ती घडली आणि मी लगेच लिहायला बसले.

दुपारी मी गाड्यावर होते. मी हल्ली असते, गुडघ्यांमुळं बडेअब्बा स्टुलावर बसतात. बसस्टँडकडून एक मुलगा आला. पाठीवर बॅग, तुझ्याच उंचीचा, निळा शर्ट. गाड्यापाशी येऊन तो पाठमोरा उभा राहिला, फोनवर बोलत. मलासुद्धा क्षणभर वाटलं. बडेअब्बा स्टुलावरून उठले. गुडघ्यांना न धरता उठले, मी बघितलं. आणि त्याच्या पाठीला म्हणाले, "आया क्या बे?"

तो मुलगा वळला. दुसराच कुणीतरी होता, चांगल्या घरचा, गोंधळलेला. फोन कानापासून काढून बघत राहिला.

बडेअब्बांनी त्याच्याकडे पाहिलं. मग हळूच स्टुलाला धरून खाली बसले आणि मराठीत म्हणाले, "बोला साहेब, काय देऊ?"

त्यानं सीताफळं घेतली आणि गेला. भाई, साहेब त्याला देऊन झालं. 'बे' अजून तसाच ठेवलेला आहे, तुझ्यासाठी.

लुबना